चेन वाजते आहे, ऐकू येते का?

दसऱ्याच्या सकाळी गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात. हँडलला झेंडूची माळ लागते, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. पूजा अगदी मनापासून होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, इंजिनाची सगळी ताकद जिच्यावाटे मागच्या चाकापर्यंत पोचते ती चेन या सोहळ्यात कुणाच्या खिजगणतीत नसते. तिच्यावर वर्षभराची माती तशीच, काळ्या तेलाचा थर तसाच. ती दिसायला ओंगळ, हात लावला की हात काळे होणार आणि एवढ्या जवळ जाऊन वाकायला वेळ कुणाला आहे?

मला वाटते, आपल्या समाजाची एक जुनी खोड या चेनमध्ये नेमकी पकडता येते. आपल्याला वस्तू घेण्याची हौस आहे, तिची पूजा करण्याची हौस आहे, ती मोडली की हळहळण्याचीही हौस आहे. या तिन्हींच्या मध्ये ‘निगा’ नावाची जी कंटाळवाणी गोष्ट असते, तिची मात्र हौस नाही. आणि निगा न ठेवल्याची किंमत दर वेळी पैशातच मोजावी लागते असे नाही. कधी ती बोटात मोजावी लागते, कधी कुणाच्या ओढणीत.

यात थोडा इतिहासाचाही दोष आहे. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घराने अनेक वर्षे स्कूटर चालवली. चेतकसारख्या स्कूटरला चेनच नव्हती; इंजिन चाकाच्या शेजारी आणि ताकद थेट गिअरमधून चाकाला. त्यामुळे एक पिढी चेनशी ओळख न होताच दुचाकीस्वार झाली. पुढे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. भरा, बंद करा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात त्या काळी घरोघरी पाठ होती. जाहिरात होती पेट्रोलच्या बचतीची. आपण मात्र ‘विसरून जा’ हा भाग सबंध गाडीला लावून घेतला. आज रस्त्यावर ज्या मोटारसायकली दिसतात, त्यांतल्या पुष्कळ गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली नसते. वर एक छोटी पट्टी, बाकी सगळे उघडे. गाडी दिसायला झोकदार होते, पण धूळ, चिखल आणि कपडे यांना चेनपर्यंतची वाट मोकळी होते.

चेन म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतले तर तिच्याबद्दलची अर्धी उदासीनता कमी होईल. घराच्या दाराला बिजागरी असते. तिच्यात एक खीळ आणि त्या खिळीभोवती फिरणारी नळी. चेन म्हणजे अशा शंभरएक बिजागऱ्यांची माळ. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनेभोवती बुश आणि बुशाभोवती मोकळा फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड नावाच्या, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडात मँचेस्टरला स्थायिक झालेल्या कारखानदाराने १८८० साली पेटंट केली. पुढे १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला चेन, अशी ती सायकल आजच्या सायकलीची आजीच म्हणायची. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, पण चेनचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही.

‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो. वास्तविक लोखंडी पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या पिना आणि बुश. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची. शंभर कड्यांची लांबी १२७० मिलिमीटर. आता प्रत्येक सांध्यात फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढी, तर शंभर सांध्यांची मिळून चेन १० मिलिमीटरने, एका सेंटिमीटरने लांबते. सोन्याची साखळी वर्षानुवर्षे गळ्यात घालून कड्यांपाशी कशी बारीक होते, हे घरातल्या बायकांना कुणी सांगायला नको. इथे तोच प्रकार, फक्त भाव वेगळा.

अशी लांबलेली चेन चक्राच्या दात्यांत नीट बसत नाही. दात्यांमधले अंतर ठरलेले, कड्यांमधले मात्र वाढलेले. मग चेन दात्यांवर चढू पाहते आणि दाते एका बाजूने झिजून वाघनखांसारखे वाकडे होतात. अशा चक्रावर नवी चेन चढवली, तर तीही लवकर खराब होते. म्हणून जाणता मेकॅनिक चेन आणि दोन्ही चक्रे एकदम बदलायला सांगतो. तो आपल्याला लुबाडतो आहे असे आपल्याला वाटते. तो खरे तेच सांगत असतो.

दुसरा गैरसमज ‘चांगली टाइट कर’ या हुकुमात आहे. गिऱ्हाईक रुबाबात सांगते आणि मेकॅनिकही वाद नको म्हणून पाना फिरवतो. पण चेनला सैलपणा हवाच असतो. मागचे चाक ज्या दांड्यावर बसलेले असते, तो दांडा खड्ड्यात वरखाली होतो आणि त्याबरोबर पुढच्या व मागच्या चक्रांमधले अंतरही बदलते. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन, नवरा-बायको, मूल आणि भाजीची पिशवी एवढा संसार बसल्यावर धनुष्याच्या दोरीसारखी ताणते. मग ती ओढते कुणाला? तर इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला. चेन काही शे रुपयांची, ते बेअरिंग बदलायचे तर इंजिन उघडण्याचा घाट. सैल चेन आवाज करून निदान सांगते तरी. अति घट्ट चेन मुकाट्याने नुकसान करत राहते.

प्रत्यक्ष काम अगदी साधे आहे आणि दहावीतल्या मुलामुलीला सहज जमेल असे आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, किल्ली खिशात. खालच्या बाजूच्या चेनच्या मध्यावर शाळेची पट्टी धरावी आणि बोटाने चेन वरखाली करून पाहावी. साध्या मोटारसायकलींना साधारण अडीच-तीन सेंटिमीटरची हालचाल चालते, पण गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतला आकडा हाच प्रमाण मानावा. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी मोजावे. कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट लागेल, तिथे माप धरायचे. मग मागच्या चाकाचा मोठा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे. दांड्यावर खुणा असतात, त्या दोन्हीकडे सारख्याच जुळल्या पाहिजेत. नाही तर चाक तिरके बसते. नट पक्का आवळला की पुन्हा एकदा माप घ्यायचे, कारण आवळताना ते बदलते. मागच्या ब्रेकचे माप पाहायलाही विसरू नये. ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकले की तेही बदलते. चेनच्या जोडाला क्लिप असेल, तर तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे.

तेलाचेही तसेच. आधी मळ काढायचा, मग तेल द्यायचे. रॉकेल मिळाले तर रॉकेल, नाही तर दुकानात मिळणारा चेन क्लीनर आणि एक जुना टूथब्रश. ज्या चेनच्या सांध्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, तिला पेट्रोल लावू नये. रिंगा खराब होतात. पुसून कोरडी झाली की खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत, गिअर ऑइल थेंबथेंब सोडावे. चेन धावू लागली की तेल आपोआप बाहेरच्या बाजूला सरकत सांध्यांत उतरते. जास्तीचे फडक्याने पुसून घ्यावे. साधारण ५०० किलोमीटरला एकदा एवढे केले आणि पावसात भिजून आल्यावर एकदा केले, तर चेन आपली सेवा विसरत नाही. गॅरेजमधले जळके काळे ऑइल ओतणे म्हणजे तेल देणे नव्हे. त्यात इंजिनातला कचरा असतो आणि वर रस्त्याची धूळ येऊन बसली की, तो पॉलिश पेपरच तयार होतो.

या सगळ्यात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्रास मोडली जाते. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणे. काम झटपट होते खरे. पण फडके चेनमध्ये अडकले, की फडक्यामागे बोटे जातात. चेन आणि दाते यांच्या फटीत सापडलेले बोट बाहेर काढायला वेळच मिळत नाही. बाप गाडी पुसत असताना शेजारी उकिडवे बसलेले तीन-चार वर्षांचे पोर नेमके त्या फिरणाऱ्या चकचकीत वस्तूकडेच हात नेते, हे कुठल्या आईला सांगायला हवे?

कपड्यांचा विषयही याच पंगतीतला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकेल असे संरक्षक साधन, म्हणजे आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते, मोटारसायकलीला असले पाहिजे, असे तो सांगतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत हा उद्देशही त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची चेन डावीकडे, आणि एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचे पाय व पदरही डावीकडेच. तरी नवी गाडी घरी आली की चिरंजीव पहिले काम काय करतात, तर साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतात. ‘आई, ते जुनाट दिसतं गं!’ आणि आईही हसून सोडून देते. मला वाटते, इथे आईने हसू नये.

आता एका वेगळ्याच गाडीकडे वळतो. कोकणच्या किनाऱ्यांवर, नागाव-काशिदच्या बाजूला, सुटीत गेलेल्या कुटुंबांना चार जाड टायरांची, मोटारसायकलीसारख्या हँडलची गाडी भाड्याने फिरवायला मिळते. तिला क्वाड बाइक किंवा एटीव्ही म्हणतात. हिचा पूर्वज तीनचाकी. होंडाने १९७० साली तशी गाडी अमेरिकेत विकायला काढली. चारचाकी अवतार ऐंशीच्या दशकात आला. तीनचाकी इतकी उलटू लागली की, १९८८ साली अमेरिकेत सरकार आणि उत्पादक यांच्यातल्या न्यायालयीन तडजोडीने नव्या तीनचाकींची विक्री थांबली. ऑस्ट्रेलियात शेतकरी ही चारचाकी शेतावर सर्रास वापरतात आणि तिच्याखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्या पाहून तिथल्या सरकारने २०१९ साली तिच्यासाठी खास सुरक्षा मानक केले. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे शेतकामाच्या नव्या क्वाडला, ती उलटली तरी चालकाला वाचवणारी चौकट असल्याखेरीज विकता येत नाही. थोडक्यात, जगाने या गाडीला यंत्र म्हणून गंभीरपणे घेतले आहे. आपण तिला जत्रेतला पाळणा समजतो.

यांतल्या कामाच्या मोठ्या गाड्यांना पुष्कळदा शाफ्ट असतो, पण हलक्या आणि खेळाच्या गाड्यांना चेनच असते. मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर, आणि चेनचे मोठे चक्र त्या आसाच्या मधोमध, जमिनीपासून वीतभर उंचीवर. म्हणजे वाळू, चिखल आणि खारे पाणी यांचा पहिला मारा तिच्यावर. वाळू तेलात मिसळली की सांध्यांना घासते. मीठ बसले की कड्या गंजून आखडतात. अशी चेन उतरली तर चढावरून खाली येताना इंजिनाची रोख नाहीशी होते. ती चक्रात अडकून बसली, तर एकच आस असल्यामुळे मागची दोन्ही चाके एकदम थांबतात.

तिची चेन ओढून घेण्याची तऱ्हा थोडी निराळी. पुष्कळ गाड्यांत मागचा आस एका गोल घरात बसवलेला असतो आणि तो त्या घराच्या मध्यावर नसून थोडा बाजूला असतो. घर आवळणारे बोल्ट सैल करून ते घर पान्याने फिरवले की आस मागे सरकतो आणि चेन घट्ट होते. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवण्याची कटकट यात नाही. मात्र बोल्ट पुन्हा नीट आवळले नाहीत, तर घर आपोआप फिरते आणि चेन सैल पडते. तेव्हा इथेही शेवटी पुन्हा माप घेणे आलेच.

मागे एका किनाऱ्यावर संध्याकाळी मी अशा गाड्या लावलेल्या ठिकाणी उभा होतो. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा इंजिन चालू ठेवून ब्रशने चेनला काळे ऑइल लावत होता. चेनवर झाकण नव्हते. मी त्याला म्हटले, ‘अरे, इंजिन बंद कर, आणि आधी धुऊन तरी घे. नुसती वाळू आहे त्यात.’ त्याने वर पाहिले आणि शांतपणे म्हणाला, ‘काका, धुवायला गोडं पाणी कुठंय? उन्हाळ्यात आम्हाला प्यायलाच टँकर येतो.’ इंजिन मात्र त्याने बंद केले.

त्याचे उत्तर मला खोटे वाटले नाही. आपण शहरातून येऊन उपदेश करतो, तेव्हा तिथल्या पाण्याचा हिशेब आपल्याला माहीत नसतो. पण म्हणूनच उपाय तिथल्या परिस्थितीत बसणारा हवा. कोरड्या ब्रशने वाळू झाडायला पाणी लागत नाही. मग क्लीनर, मग पुसणे, मग थोडेसे तेल. यातही बादलीभर पाण्याची गरज नाही. मीठ काढायला एक ओले फडके पुष्कळ काम करते. लागतो तो अर्धा तास, आणि तो अर्धा तास मालकाने त्या मुलाच्या पगारात धरला पाहिजे. फेरीमागे पैसे घेताना गाडीचे पेट्रोल धरतात, जागेचे भाडे धरतात. मुलाच्या दहा बोटांची काळजीही त्यात धरावी, एवढेच माझे म्हणणे.

यात आपण गिऱ्हाईकही मोकळे नाही. गाडी एका माणसासाठी बनवलेली आणि मोठ्या क्वाडवर सोळा वर्षांखालच्यांनी बसू नये असे बहुतेक उत्पादक गाडीवरच लिहून ठेवतात. तरी आपण मागे बायको, पुढे मूल बसवून फोटो काढतो. पैसे देण्याआधी खाली वाकून दोन गोष्टी पाहाव्यात. चेनवर झाकण आहे का? चेन लोंबते आहे का, गंजलेली आहे का? आणि ओढणी, उपरणे, लांब वेणी आवरून घ्यावी. गिऱ्हाईक विचारू लागले की मालक झाकण बसवतो. त्याला सरकारी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. स्थानिक पंचायतींना काही करायचेच असेल, तर प्रत्येक ठेल्यावर एक वही ठेवायला लावावी: तारीख, चेन पाहिली, ब्रेक पाहिले, सही. एक वही आणि एक पेन, याहून स्वस्त सुरक्षा मला तरी माहीत नाही.

काही जण म्हणतील, सगळे घरीच करायचे तर मेकॅनिकने काय खायचे? मेकॅनिकचे पोट आपण चेनला तेल दिल्याने बुडत नाही. ते बुडते, ‘चेन टाइट करायचे कसले पैसे घेतोस?’ या प्रश्नाने. ज्याने स्वतः एकदा नट सोडवून पाहिला आहे, तो या कामाची किंमत करायला शिकतो, आणि किंमत करणारे गिऱ्हाईक कुठल्याही कारागिराला हवेच असते. दुसरे म्हणतील, विजेच्या गाड्या आल्या, चेन जाणारच आहे. काही गाड्यांतून ती गेलीही आहे. पण टायरमधली हवा, ब्रेक आणि वायरींचे जोड तरी राहणारच. निगा राखण्याची सवय नसेल, तर चेन गेल्याने ती येणार नाही.

खरी अडचण आहे ती काळ्या हातांची. शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत, हा समज आपल्यात फार खोल गेलेला आहे. याच मराठी समाजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अभिमानाने घ्यावे, ही गंमतच. १८८८ साली बेळगावात त्यांचा उद्योग सुरू झाला तो सायकलच्या दुकानाने. पुढे लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, पंप आले, इंजिने आली. सुरुवात मात्र चाक, चेन आणि पाना यांनीच झाली. त्यांच्या चरित्राचा धडा मुलांना जरूर वाचायला द्यावा. पण त्याबरोबर पानाही हातात द्यावा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले पुष्कळ झाली. एक जुनी सायकल वर्गात आणावी आणि मुलींनी व मुलांनी तिची पडलेली चेन चढवावी, मोजावी, तेल द्यावे. मुलींनी आधी, असे मी म्हणेन. संध्याकाळी क्लासहून येताना रस्त्यात चेन पडली, तर कुणा अनोळखी माणसाची वाट पाहत तिला उभे राहावे लागू नये.

आज रविवार आहे. जेवणाआधी तास-दीड तास मोकळा असेल. घरातल्या लेकीला किंवा नातवाला हाक मारा, एक पट्टी, एक फडके आणि जुना ब्रश घ्या, आणि खाली गाडीपाशी जा. आधी इंजिन बंद करा, किल्ली काढून त्या पोराच्या हातात द्या. मग चेन बघा. हात काळे होतील, साबणाने निघतात.